खुंटीवरचं रबर

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी, म्हणजे जुनी काळी-पिवळी फियाट, टॅक्सी म्हणून चालवता येत नाही. शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षांची. ती बातमी आली आणि जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींमध्ये सुट्या भागांची शोधाशोध वाढली. जो तो विचारू लागला, कुणाच्या माळ्यावर जुना कंपनीचा माल पडलाय का?

आमच्या मामांच्या माळ्यावर होता. लालबागला त्यांचं छोटं गॅरेज होतं आणि तिथे फियाटशिवाय दुसरी गाडी क्वचितच यायची. गोल नाकाच्या 'डुक्कर फियाट'पासून पद्मिनीपर्यंत सगळ्या कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेल्या. मामा गेले, गाळा रिकामा करायची वेळ आली, तेव्हा मामेभावाने मला बोलावलं. मी आयुष्यभर रबराच्या धंद्यात रसायनशास्त्राचं काम केलं, म्हणून. "दादा, हे बघ, सगळं कोरं आहे. एकदाही लावलेलं नाही. याचे पैसे येतील."

भिंतीत बोटाएवढ्या जाडीची एक लोखंडी खुंटी होती. तिच्यावर दाराच्या रबराची भेंडोळी टांगलेली होती, कोऱ्या चिठ्ठीसकट. मी एक भेंडोळं उतरवलं आणि खुंटीवर टेकलेला भाग जरासा वाकवला. बाहेरच्या अंगाला ओळीने दहा-बारा आडव्या भेगा उघडल्या, काही निम्म्या जाडीपर्यंत गेलेल्या. त्याच पट्टीचा खाली सरळ लोंबणारा भाग मात्र गुळगुळीत होता. भिंगातून पाहिलं तरी ओरखडा नाही. तोच कारखाना, तीच हवा, तितकीच वर्षं. फरक फक्त खुंटीचा.

'वापरलं नाही म्हणजे नवं आहे' ही समजूत लोखंडाच्या बाबतीत अर्धी खोटी आहे, रबराच्या बाबतीत पूर्ण खोटी. रबर गाडीला लागल्यावर झिजतं हे खरं, पण त्याचं म्हातारपण साच्यातून बाहेर पडल्या दिवसापासून सुरू होतं.

आता खुंटीने नेमकं काय केलं ते सांगतो. मला हा सगळा विषयच त्यासाठी आवडतो.

नैसर्गिक रबराचा रेणू म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी. तिच्यात दर चार कार्बनमागे एक दुहेरी बंध असतो. शाळेत आपण शिकलो की गंधक घालून रबर तापवलं की साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलेली हीच ती क्रिया. पण त्यात दुहेरी बंध अगदी थोडे खर्ची पडतात. बाकीचे तसेच उघडे राहतात आणि ओझोनला नेमके तेच हवे असतात.

ओझोन म्हणजे तीन अणूंचा ऑक्सिजन. आकाशात उंचावर तो आपलं रक्षण करतो, जमिनीलगत मात्र तो प्रदूषक आहे. वाहनांच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं आणि हायड्रोकार्बनं उन्हात एकत्र आली की तो तयार होतो. त्याचं प्रमाण किरकोळ, दहा कोटी रेणूंमागे दोन-पाच रेणू. तेवढे पुरतात. ओझोनचा रेणू दुहेरी बंधावर चिकटतो आणि पाच अणूंचं एक अस्थिर कडं बनतं. ते लगेच फुटतं. फुटताना एका बाजूला साधा कार्बोनिल गट, म्हणजे कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन, राहतो, दुसऱ्या बाजूला कार्बोनिल ऑक्साइड नावाचा अतिशय चंचल तुकडा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्रिगी यांनी उलगडलेली हीच ती वाट. रबर सैल पडलेलं असेल तर हे दोन तुकडे जवळच असतात. ते पुन्हा एकमेकांना धरून ओझोनाइड बनवतात आणि पृष्ठभागावर त्याचं पातळ कवच तयार होतं. आतलं रबर त्या कवचाखाली बऱ्यापैकी सुरक्षित राहतं.

रबर ताणलेलं असेल तर हेच तुकडे एकमेकांपासून ओढले जातात आणि पुन्हा भेटत नाहीत. साखळी कायमची तुटते, तिथे फट पडते, फटीच्या तळाशी कोरं रबर उघडं पडतं आणि ओझोन त्याच्यावर जाऊन बसतो. फटीच्या टोकाशी ताण एकवटलेला असल्यामुळे पुढचा काप तिथेच होतो. म्हणून भेगा नेहमी ताणाच्या काटकोनात जातात. आणि याला ताकद किती लागते? रबर हाताने फाडायला दर चौरस मीटर भेगेमागे हजारो ज्यूल लागतात. ओझोन मदतीला असला की एका ज्यूलचा साधारण दहावा हिस्सा पुरतो. कापायचं काम ओझोन करतो, ताणाने कापलेली टोकं फक्त बाजूला धरायची.

आता सगळ्यात मजेचा भाग. रबर जास्त ताणलं तर भेगा जास्त, पण उथळ. त्या इतक्या दाटीने पडतात की एक भेग शेजारणीचा ताण हलका करते. एका उंबरठ्याखालच्या ताणाला भेगा पडतच नाहीत. ताण त्या उंबरठ्याच्या जेमतेम वर, म्हणजे काही टक्केच असेल, तर भेगा मोजक्या पडतात आणि त्याच खोल खोल जातात. म्हणजे 'थोडंसंच वाकलंय, काय होतंय' असं ज्या रबराबद्दल आपण म्हणतो, ते आरपार तुटण्याची शक्यता अधिक.

खुंटीचा हिशेब करू. पट्टी ४ मिलिमीटर जाड, खुंटीची त्रिज्या ५ मिलिमीटर. वाकल्यावर पट्टीचा मधला थर ७ मिलिमीटर त्रिज्येवर येतो आणि बाहेरचा ९ वर. ९ भागिले ७, म्हणजे बाहेरचा थर जवळजवळ २९ टक्के ताणलेला. हीच पट्टी वीस लिटरच्या रंगाच्या डब्याभोवती गुंडाळली, त्रिज्या १४ सेंटिमीटर धरा, तर १४४ भागिले १४२. ताण दीड टक्क्याच्या आत, उंबरठ्याच्या खाली. खर्च एका रिकाम्या डब्याचा. रबराच्या ओझोन-चाचणीत नमुना सहसा वीस टक्के ताणून, ४० अंश सेल्सिअसला, दहा कोटींत पन्नास भाग ओझोनमध्ये ठेवतात. मामांची खुंटी चाचणीयंत्रापेक्षा जास्त ताण देत होती, तोही अनेक वर्षं सलग.

घरी पडताळायचं असेल तर तीन साधे रबरबँड घ्या. एक पट्टीवर ताणून गॅलरीत सावलीला ठेवा, दुसरा शेजारी सैल ठेवा, तिसरा ताणूनच पण घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. काही आठवड्यांनी भिंगातून बघा.

कारखान्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून रबरात मेण मिसळतात. ते हळूहळू वर येतं आणि पृष्ठभागावर पांढुरकी साय धरतं. जुन्या रबरावरची ही साय बुरशी समजून लोक ओल्या फडक्याने पुसतात, वर चमक यावी म्हणून पॉलिश मारतात. पुसू नका. न हलणाऱ्या रबरासाठी ते सर्वांत स्वस्त चिलखत आहे. धूळ असेल तर मऊ ब्रशने झटका, तेवढंच.

हल्ली गाडीच्या आतला वास घालवायला 'ओझोन ट्रीटमेंट' विकली जाते आणि ओझोन म्हणजे डोंगरावरची शुद्ध हवा अशी जाहिरात केली जाते. ज्या रेणूने मामांची पट्टी कापली तोच रेणू बंद गाडीत मुद्दाम सोडायचा, आणि तोही शेकडो पटींनी दाट! फुप्फुसांनाही तो वाईट. जुनी गाडी असेल तर दारांची, काचांची, पेडलांची रबरं त्याच डब्यात असतात हे लक्षात ठेवा. ओझोन ठिणगीतूनही बनतो. ब्रशवाली मोटर, ग्राइंडर, वेल्डिंग ज्या खोलीत चालतं त्या खोलीत रबराचा साठा ठेवू नये.

मामांनी माल गाडीच्या रचनेप्रमाणे लावला होता. ब्रेकचा खण, इंजिनाचा खण, दारांचा खण. मेकॅनिकला ते सोयीचं असतं, कारण उद्या भाग लागणार असतो. पण वीस-तीस वर्षं जपायचं असेल तर मांडणी पदार्थाप्रमाणे हवी, कारण प्रत्येक पदार्थाला खाणारं वेगळं असतं. ब्रेकच्या एकाच खणात लोखंडी स्प्रिंग, रबरी वॉशर, पितळी बुश आणि पुठ्ठ्याचा खोका एकत्र होते. स्प्रिंगला लावलेलं ग्रीस वितळून वॉशरला लागलं होतं आणि वॉशर फुगून बसले होते. ब्रेकचं ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं, त्यातली रबरं त्याला सोसणारी. खनिज तेल, पेट्रोल, डिझेल त्यांना चालत नाही. तरीही ब्रेकचे वॉशर डिझेलमध्ये धुणारे हात मी आजही बघतो आणि जीव वरखाली होतो. ब्रेकच्या रबरांसाठी मिळणारं लाल ग्रीस एरंडेलावर बनतं ते याचसाठी.

म्हणून आम्ही सगळा माल जमिनीवर ओतला आणि नव्याने चार ढीग केले.

लोखंडाचा ढीग सर्वांत मोठा, पण त्याचं शास्त्र थोडक्यात सांगता येतं. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर स्वच्छ लोखंड फारसं गंजत नाही, वर गेली की वेग झपाट्याने वाढतो. त्यात मीठ असेल तर संपलंच. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. बोटाच्या घामातही मीठ आहे, म्हणून गंजाचे पहिले ठिपके कधीकधी चक्क अंगठ्याच्या ठशाच्या आकाराचे दिसतात. दसऱ्याला गॅरेजमध्ये हत्यारांवर आणि कोऱ्या भागांवर नारळाचं पाणी शिंपडतात. त्यात पोटॅशियम-सोडियमचे क्षार आणि क्लोराइड असतात. त्याने यंत्राला बरकत येते म्हणणाऱ्यांनी दिवाळीपर्यंत त्या जागा बघाव्यात. पूजा जरूर करावी, नारळ अंगणात फोडावा.

लोखंड हातमोजे घालून पुसायचं, पातळ तेलाचा किंवा मेणाचा थर द्यायचा आणि गंजरोधक कागदात गुंडाळायचं. या कागदातून अमाइनसारख्या द्रव्यांची वाफ हळूहळू निघते आणि लोखंडावर अदृश्य थर धरते. तांब्या-पितळेला प्रत्येक जातीचा कागद मानवत नाही, म्हणून ते वेगळं. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग, म्हणजे बऱ्याच कार्ब्युरेटरांची बॉडी किंवा दाराच्या मुठी, यांना उलट बंद प्लास्टिकची पिशवी घातक. रात्री आत घाम धरतो आणि पांढरी पूड चढते. त्यांना हवा लागू द्यावी.

मूळ खोके आणि चिठ्ठ्या फेकू नयेत, पण भागासोबतही ठेवू नयेत. पुठ्ठा ओल धरतो आणि त्यात आम्ल असतं. आम्ही खोके सपाट करून वेगळ्या फाइलीत ठेवले. हा सगळा पसारा पुन्हा गाडीशी जोडते ती वही. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, त्यापुढे कंपनीचा पार्ट नंबर, कुठल्या गाडीला लागतो, साच्याच्या खुणा, कुठल्या डब्यात आहे, शेवटचं कधी पाहिलं. तोच क्रमांक पत्र्याच्या बिल्ल्यावर ठोकून भागाला दोऱ्याने बांधायचा. शाई पुसते, चिकटपट्टी तर रबराला डागही पाडते.

रबरासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २२३०. अंधार, २५ अंशांच्या आत तापमान, ओझोन नाही, ताण नाही. एवढं सगळं पाळूनही त्यात नैसर्गिक रबराला साठवणुकीची पाच वर्षं दिली आहेत, आणि तपासणीनंतर आणखी दोन. नायट्राइल या कृत्रिम रबराला सात अधिक तीन. ईपीडीएम हेही कृत्रिम रबर, पण त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नसतात, म्हणून ओझोनला तिथे पकड मिळत नाही. त्याला दहा अधिक पाच. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं. म्हणजे आज बाजारात 'सीलबंद, ओरिजिनल' म्हणून चढ्या भावाने विकला जाणारा कारखान्याच्या काळातला ब्रेकचा वॉशर, कितीही जपला असला तरी, ही मुदत कधीच ओलांडून गेलेला आहे. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि प्रत्येक चाकाचा दाब त्या वाटीच्या आकाराच्या छोट्या रबरावर पेललेला. मी स्वतः एका दुकानातून घेतलेला असा कोरा वॉशर नखाने दाबला तर कडेला चुरा झाला होता.

मग ते जपायचे कशाला, असं मामेभावाने विचारलं. त्याचे हिशेब चुकले होते, त्यामुळे आवाज जरा चढलेला होता. त्याला पट्टीचा न भेगाळलेला भाग आडवा कापून दाखवला. दाराच्या फटीत बसणारे तिचे दोन ओठ, त्यांची जाडी, आतली पोकळी, सगळं कारखान्याच्या साच्यातलं. या छेदावरून साचा बनवून ईपीडीएममध्ये नवी पट्टी काढता येते आणि ती दाराला तंतोतंत बसते. गाडीवरून काढलेल्या, दबून चपट्या झालेल्या रबरावरून तो आकार कधीच मिळत नाही. न वापरलेल्या जुन्या रबराची खरी किंमत ही आहे.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वहीत २१४ नोंदी झाल्या. ब्रेकची सगळी रबरं शंखजिरं (टाल्कची पूड) लावून, एकमेकांवर न रचता, काचेच्या बरण्यांत सपाट ठेवली आणि प्रत्येकीत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकली. वहीत त्यांच्यापुढे मामेभावाने लाल शाईने लिहिलं आहे, 'नमुना. गाडीला बसवू नये.' पुडी निळ्याची गुलाबी झाली की तो मला फोन करतो. मग मी त्याला सांगतो, पुडीतले दाणे तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत भाज, आणि गार झाल्यावरच बरणीत टाक.