बियाणं शाबूत, तर पीक परत

पावसाळ्यात ठाण्यात घराघरात ताप. चार दिवस १०२-१०३ ताप काढलेल्या पुरुषाने दीड-दोन महिन्यांत वीर्यतपासणी केली, तर शुक्राणूंचा आकडा घसरलेला दिसू शकतो. कारण साधं आहे. वृषण शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड लागतात. तापात त्या वेळी घडत असलेले शुक्राणू बिघडतात. मूलपेशी म्हणजे स्टेम सेल, शुक्राणूंचं बियाणंच, मात्र बहुधा तग धरतात. तिथून शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, वर बाहेर पडायला एक-दोन आठवडे. म्हणून पुन्हा तपासायचं ते तीन महिन्यांनी, त्याआधी नाही.

नमुन्याआधी २ ते ७ दिवस संबंध नकोत. ऐरोलीहून ठाण्याच्या लॅबमध्ये डबी न्यायची असेल, तर ती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा आणि तासाभरात, जमल्यास अर्ध्या तासात पोचवा. पहिले थेंब सांडले तर लॅबला सांगा; जास्तीत जास्त शुक्राणू त्यातच असतात. साध्या कंडोममधला नमुना बाद.

मूलपेशी वृषणातल्या नलिकांच्या तळाशी असतात. त्या विभागतात तेव्हा काही पेशी तळाशीच मूलपेशी म्हणून राहतात, बाकीच्या शुक्राणू होण्याच्या वाटेला लागतात. केमोथेरपीतली बुसल्फानसारखी औषधं हा साठाच मारतात. म्हणून खारघरला किंवा कुठेही कर्करोगाचे उपचार सुरू होणार असतील, तर पहिल्या डोसाआधीच वीर्य गोठवून घ्यावं, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. वयात न आलेल्या मुलाकडे गोठवायला शुक्राणूच नसतात. पुढे परत बसवता यावा म्हणून त्याच्या वृषणाचा तुकडा गोठवतात, पण हे अजून प्रायोगिकच. उंदरांत मूलपेशींचं रोपण अमेरिकी शास्त्रज्ञ राल्फ ब्रिन्स्टर यांनी १९९४ मध्ये करून दाखवलं. २०१९ मध्ये अशा गोठवलेल्या ऊतीपासून माकडाचं पिल्लू जन्मलं. रक्ताच्या कर्करोगात मात्र पंचाईत: त्याच तुकड्यातून कर्करोगाच्या पेशी परत येऊ शकतात.

गर्भनिरोधकाचं गणित उलटं: पीक थांबवायचं, बियाणं राखायचं. सरकीतल्या गॉसिपॉलने चीनमध्ये शुक्राणू थांबले, पण काही पुरुषांत ते परत आलेच नाहीत. वायसीटी-५२९ ही गोळी ‘अ’ जीवनसत्त्वाचा संदेश अडवते, त्यामुळे शुक्राणू घडण्याची पुढची वाट बंद होते. तिच्या माणसांवरच्या चाचण्या अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहेत. जिममध्ये टोचलेलं टेस्टोस्टेरॉनही शुक्राणू घडवण्याचा मेंदूकडून येणारा हुकूम बंद करतं, आणि बाप व्हायचं ठरवल्यावर ते कळतं! बंद केल्यावर शुक्राणू बहुधा परततात, पण महिने जातात.

नसबंदीत मूलपेशींना हातही लागत नाही, फक्त वाहिनी कापतात. पण कापलेल्या जागेपुढे शुक्राणू उरलेले असतात, म्हणून तीन महिने कंडोम वापरून मग एक वीर्यतपासणी करायची असते. हीच तपासणी बरेचजण टाळतात.