सेम्बेन, उस्मान

उस्मान सेम्बेन (१९२३–२००७) : सेनेगलचे कादंबरीकार व चित्रपट-दिग्दर्शक. जन्म कासामान्स प्रदेशातील झिगिंशोर येथे, कोळ्याच्या घरी. शाळा लवकर सुटली. मिळेल ती अंगमेहनतीची कामे केली, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच वसाहतीच्या फौजेत गेले आणि युद्धानंतर मार्सेय बंदरात गोदी कामगार झाले. कामगार संघटना, कम्युनिस्ट पक्ष आणि पुस्तके त्यांना गोदीतच भेटली. तिथल्या एका आफ्रिकी कामगारावरची त्यांची पहिली कादंबरी १९५६ साली आली.

फ्रेंच वसाहतीतल्या डाकार–नायजर रेल्वेच्या कामगारांनी ऑक्टोबर १९४७ पासून मार्च १९४८ पर्यंत संप केला. गोऱ्या कामगारांइतकेच हक्क आपल्यालाही हवेत, अशी त्यांची मागणी होती. त्यावर सेम्बेन यांनी लिहिलेली कादंबरी (१९६०) ‘गॉड्स बिट्स ऑफ वूड’ या नावाने इंग्रजीत गेली. संपाचा पुढारी बाकायोको तिच्यात आहेच, पण कादंबरी पेलतात त्या बायका. नळ बंद केलेले, दुकानदार उधार देत नाहीत, घरात पोरे उपाशी. अशा वेळी रामातुले या बाईच्या श्रीमंत भावाचा माजलेला मेंढा तिच्या घरातला उरलासुरला तांदूळ फस्त करतो, तेव्हा ती सुरी घेऊन त्याला कापते आणि पोरांना जेवू घालते. पुढे थिएस या रेल्वेच्या गावातल्या बायका राजधानी डाकारपर्यंत पायी मोर्चा नेतात. संप चुलीपाशी कसा लढला जातो हे इतक्या जवळून दाखवणाऱ्या कादंबऱ्या थोड्याच.

सेम्बेन फ्रेंचमध्ये लिहीत, आणि ज्यांच्याविषयी लिहीत त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. हे शल्य त्यांनी कृतीत उतरवले : चाळिशीच्या उंबरठ्यावर मॉस्कोला जाऊन ते चित्रपटकला शिकले. सिनेमा ही त्यांच्या लेखी रात्रशाळा होती. ‘मंदाबी’ (१९६८) हा सेनेगलच्या वोलोफ भाषेतला चित्रपट त्यांच्याच लघुकादंबरीवर आधारला आहे. नायक इब्राहिमा जेंग याला पॅरिसमध्ये रस्ते झाडणारा भाचा मनीऑर्डर पाठवतो. ती सोडवायला ओळखपत्र लागते, ओळखपत्राला जन्मदाखला, शिवाय फोटो. कचेऱ्यांचे उंबरे झिजवताना उधारी वाढत जाते आणि शेवटी पैसे एक शिकलासवरला नातलगच लाटतो. स्वातंत्र्यानंतर खुर्चीत बसलेल्या स्वकीयांनाही सेम्बेन यांनी सोडले नाही. ‘हाला’ (१९७३) ही कादंबरी अशाच एका धनाढ्य व्यापाऱ्याची फजिती मांडते.

थकलेला पगार मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर १ डिसेंबर १९४४ रोजी डाकारजवळच्या थियारोय येथील छावणीत फ्रेंच फौजेने गोळ्या झाडल्या. त्यावर त्यांनी १९८८ मध्ये चिएर्नो फाती सो यांच्यासह चित्रपट केला. अखेरचा ‘मूलादे’ (२००४) मुलींची सुंता रोखणाऱ्या एका गृहिणीवर आहे. तो केला तेव्हा सेम्बेन ऐंशी ओलांडलेले होते.