रक्तातलं आम्ल वाढलं की श्वास बदलतो

शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर तर्री जरा जास्त झाली की छातीत जळजळतं आणि आपण म्हणतो, ‘ॲसिडिटी झाली.’ ती पोटातली. जठरात आम्ल असायलाच हवं. रक्ताचं मात्र निराळं: त्याचा पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा (आम्ल वाढलं की तो घसरतो), 7.35 ते 7.45 एवढ्याच पट्ट्यात राहावा लागतो. त्याखाली घसरला की ॲसिडोसिस, आणि त्यात जळजळ होईलच असं नाही. म्हणून तो उशिरा लक्षात येतो.

आम्ल शरीरात रोजच तयार होतं. रक्तातलं बायकार्बोनेट ते बांधून ठेवतं, फुप्फुसं आम्ल वाढवणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, मूत्रपिंडं उरलेलं लघवीवाटे काढतात. मूत्रपिंडांना या कामाला दिवस लागतात, फुप्फुसं काही मिनिटांत कामाला लागतात. त्यामुळे खूण आधी श्वासात दिसते. माणूस पलंगावर पडून आहे, पण श्वास तीन जिने चढून आल्यासारखा खोल आणि जोरकस. जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी 1874 मध्ये मधुमेहींच्या या श्वासाचं वर्णन केलं. घरी पूर्ण एक मिनिट छाती बघून श्वास मोजा. मोठ्या माणसात 12 ते 20 ठीक.

सर्वांत घातक चूक मधुमेहात होते: ‘आज जेवण गेलं नाही, मग इन्सुलिन कशाला?’ इन्सुलिन तुटलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन नावाची आम्लं रक्तात साचतात. तहान, उलट्या, पोटदुखी, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आणि मग गुंगी. साखर 250 च्या वर असून उलट्या होत असतील तर कीटोन तपासायलाच हवेत. ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणाऱ्या नावाची गोळी चालू असेल, तर साखर फारशी न वाढताही हे घडतं.

सोलापूरच्या मे महिन्यात जुलाब लागले की पाण्याबरोबर बायकार्बोनेटही जातं. ओआरएसच्या 20.5 ग्रॅमच्या पुडीत 2.9 ग्रॅम सायट्रेट असतं. शरीरात त्याचंच बायकार्बोनेट होतं. साध्या लिंबू-सरबतात एवढं मिळत नाही. पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच घाला. पेल्यात अंदाजाने ढवळलेलं दाट पाणी जुलाब वाढवतं.

मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात आम्ल हळूहळू चढतं. थकवा आणि मंदावलेली भूक यापलीकडे काही जाणवत नाही, म्हणून रक्तातलं बायकार्बोनेट तपासत राहावं लागतं.

खोल श्वासासोबत गुंगी दिसली तर खाण्याचा सोडा पाजत बसू नका. थेट सिव्हिल किंवा आयसीयू असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या, आणि शेवटचं इन्सुलिन किती वाजता दिलं ते कागदावर लिहून न्या.