आखणीची साधने (सुतारकाम)

लाकूड कापण्यापूर्वी, तासण्यापूर्वी किंवा त्यात खाच पाडण्यापूर्वी त्यावर मापाच्या रेषा उमटवणारी हत्यारे. पेन्सिल, आखणीची सुरी, गुण्या (काटकोन आखण्याचे व तपासण्याचे हत्यार), मार्किंग गेज, कंपास आणि लांब फळ्यांसाठी रंगाची दोरी ही त्यांतील मुख्य होत. यांपैकी कोणते घ्यावे, हे त्या रेषेवर पुढे कोणते हत्यार चालणार आहे आणि लाकूड कोणते आहे, यावर ठरते. हत्याराच्या किमतीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

पेन्सिलीच्या रेषेला जाडी असते. टोक बोथट झाले की ती सहज १ मिमी.पर्यंत जाते आणि करवत रेषेच्या आत चालवावी की बाहेर, असा प्रश्न पडतो. जिथे माप सुतात (१ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) धरले जाते अशा ढोबळ कापणीला ती पुरते. सांध्याला मात्र सुरीच योग्य, कारण ती वरचे तंतू कापून बारीक चर पाडते, त्या चरात पटाशीची (लाकूड कोरण्याच्या हत्याराची) धार आपोआप बसते आणि कड उचकटत नाही. सुरीला एकाच बाजूने धार असावी, म्हणजे तिची सपाट बाजू गुण्याच्या पात्याला घट्ट टेकते. कडेला समांतर रेषेसाठी गेज वापरतात. त्याची टोकदार खीळ तंतूंच्या दिशेने ठीक चालते, पण आडवी ओढल्यास तंतू फाडते, म्हणून आडव्या रेषेला पात्याचे गेज घ्यावे.

सोलापूर हे विणकरांचे शहर असल्याने येथे हातमागाच्या चौकटीचे उदाहरण घेता येईल. दोन्ही बाजूंच्या खांबांतील खाचा एका उंचीवर नसतील, तर तुळई तिरकी बसून ताण्याचा (मागावरील उभ्या धाग्यांचा) ताण सर्वत्र सारखा राहत नाही. अशा वेळी टेपने दोनदा मोजण्यापेक्षा दोन्ही खांब शेजारी ठेवून गुण्याने एकच रेषा दोघांवरून नेणे, किंवा खुणा केलेली काठी वापरणे अधिक भरवशाचे असते. शेतीच्या अवजारांना लागणाऱ्या बाभळीचे गाभ्याचे लाकूड तांबूस-तपकिरी व कठीण असते. त्यावर पेन्सिल नीट दिसत नाही. तेथे सुरीची रेष पाडून वर खडू घासला की ती पांढरी उठते. सागावर बॉलपेन टाळावे, कारण शाई छिद्रांत मुरते आणि पॉलिशखालूनही दिसत राहते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पुरते न वाळलेले लाकूड अशा हवेत रुंदीला आकसते, लांबीला जवळजवळ नाही. त्यामुळे आखून बरेच दिवस पडलेल्या तुकड्यांची रुंदीकडील मापे कापण्यापूर्वी पुन्हा पाहावी लागतात.

गुण्या मात्र विकत घेतानाच तपासावा. सरळ कडेला टेकवून एक रेष ओढावी, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढावी. दोन्ही रेषा फाकल्या, तर दिसणारे अंतर गुण्याच्या खऱ्या चुकीच्या दुप्पट असते.