सव्वा फुटाचा फरक: न्यूयॉर्कच्या सबवे डब्यांमागचा इतिहास

न्यूयॉर्कच्या सबवेत नवे डबे आले की त्यांची नावं मोबाइलच्या मॉडेलसारखी ऐकू येतात: आर-१६०, आर-१७९, आर-२११. आकडा वाढला म्हणजे गाडी सुधारली, असा आपला समज होतो. हा आकडा खरं तर खरेदीच्या कंत्राटाचा आहे. १९३० च्या सुमारास शहराने स्वतःच्या नव्या मार्गांसाठी, म्हणजे आयएनडीसाठी, पहिले ३०० डबे घेतले. ते आर-१. पुढे प्रवासी डबे असोत की कामाच्या गाड्यांची डिझेल इंजिनं, प्रत्येक कंत्राटाला पुढचा आकडा मिळत गेला. आर-४६ नंतर प्रवाशांना थेट आर-६२ दिसला तो यामुळेच.

कोणता डबा कुठे धावणार हे मात्र या आकड्याच्या कितीतरी आधी ठरून गेलं होतं. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी आयआरटी या खासगी कंपनीचा पहिला भुयारी मार्ग सुरू झाला. त्यावरचे डबे साधारण पावणेनऊ फूट रुंद आणि ५१ फूट लांब होते. बोगद्यात लाकडी डबा म्हणजे आगीला आमंत्रण, हे ओळखून अभियंता जॉर्ज गिब्ज यांनी पूर्ण पोलादी डबा आखला. पण तसा डबा बांधायला कारखानेच तयार होईनात. शेवटी नमुना पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या अल्टूना इथल्या कारखान्यात तयार झाला. तोवर काम अडू नये म्हणून लाकडावर तांब्याचा पत्रा मढवलेले ५०० डबे घेतले होते. काही वर्षांत ते भुयारातून काढून उन्नत मार्गांवर धाडण्यात आले. एका मार्गाला नकोसा झालेला डबा दुसरीकडे खपवायचा, ही इथली रीत तेव्हापासूनची.

ब्रुकलिनच्या प्रतिस्पर्धी कंपनीने १९१० च्या दशकात आपले बोगदे ऐसपैस बांधले आणि दहा फूट रुंद, ६७ फूट लांब डबे आणले. आयएनडीनेही दहा फुटांचंच माप धरलं. १९४० मध्ये शहराने तिन्ही व्यवस्था एका छत्राखाली आणल्या, पण बोगदे काही रुंद होत नाहीत. जुन्या आयआरटीचे मार्ग आज ए डिव्हिजन म्हणून ओळखले जातात आणि बाकीचे बी डिव्हिजन. दोहोंच्या डब्यांत फरक आहे सव्वा फुटाचा.

रूळ मात्र दोन्हीकडे सारख्याच अंतरावर आहेत. त्यामुळे ए डिव्हिजनचा अरुंद डबा बी डिव्हिजनच्या रुळांवरून बिनदिक्कत जातो. फक्त फलाटाशी थांबला तर मध्ये साडेसात इंचांची जादा फट राहते, म्हणून तो रिकामाच न्यायचा. रुंद डबा उलट दिशेने जाऊच शकत नाही; बोगद्याच्या भिंतीला घासेल. ए डिव्हिजनच्याच सात नंबरच्या मार्गाची कथा आणखी गमतीची. क्वीन्सबरो प्लाझा स्थानकातला बी डिव्हिजनशी असलेला जोडमार्ग सोडला तर त्याचा उरलेल्या जाळ्याशी रुळांनी संबंधच नाही. या मार्गाच्या कारशेडमधल्या, म्हणजे कोरोना यार्डातल्या, डब्याला मोठ्या दुरुस्तीसाठी कोनी आयलंडच्या कारखान्यात जायचं असेल, तर ज्या मार्गांवर त्याला प्रवासी घेण्याची मुभा नाही, अशा मार्गांवरून अर्धं शहर ओलांडावं लागतं.

रोजची तपासणी आणि किरकोळ दुरुस्ती ज्या त्या मार्गाच्या कारशेडमध्ये होते. डबा उचलून बोगी काढण्याची जड कामं मुख्यतः कोनी आयलंड आणि मॅनहॅटनच्या उत्तर टोकाचं २०७ वा रस्ता, या दोन कारखान्यांत. (आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, इथे मात्र चाकं, आस आणि मोटर बसवलेली खालची चौकट एवढाच अर्थ.) शेडच्या आत थर्ड रेल, म्हणजे डब्याला वीज पुरवणारा तिसरा रूळ, नसते, कारण खाली खड्ड्यात उभं राहून माणसं काम करत असतात. मग डबा हलवायचा कसा? वरून लोंबणारी केबल डब्याच्या वीज घेणाऱ्या बुटाला जोडतात आणि गाडी हळूहळू दाराबाहेर काढतात. ब्रेक लागून चाक घसरत गेलं की त्यावर सपाट चट्टा पडतो. मग दर फेऱ्याला ठक्, ठक्, ठक्. असा डबा जमिनीखाली बसवलेल्या यंत्रावर आणतात आणि चाक न काढताच ते पुन्हा गोल तासून घेतात.

हे सगळं १९७० च्या दशकात जवळपास कोलमडलं. शहराकडे पैसा नव्हता, म्हणून देखभाल पुढे ढकलली गेली आणि मोडेल तेव्हा पाहू असा कारभार सुरू झाला. लोकांच्या लक्षात राहिली ती डब्यांवरची ग्राफिटी, म्हणजे पोरांनी स्प्रेने केलेली रंगरंगोटी. खरा रोग खाली होता: १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरासरी ७००० मैलांच्या आसपास एक बिघाड होत असे. नवे डबेही यातून सुटले नाहीत. १९७५ पासून आलेल्या आर-४६ च्या नव्या धाटणीच्या बोग्यांना तडे जाऊ लागले आणि त्या बदलाव्या लागल्या.

१९८४ मध्ये डेव्हिड गन सबवे चालवणाऱ्या संस्थेचे प्रमुख झाले. रंगवलेला डबा स्वच्छ केल्याशिवाय मार्गावर सोडायचा नाही, हा नियम त्यांच्या काळात कडक झाला आणि मे १९८९ मध्ये शेवटची रंगवलेली गाडी सेवेतून निघाली. माझ्या मते त्याहून मोठा बदल कारखान्यात झाला. जुन्या डब्यांची आतून-बाहेरून फेरबांधणी झाली आणि भाग मोडायची वाट न पाहता ठरलेल्या मुदतीला तो बदलण्याची पद्धत रुजली. पुढच्या वीसेक वर्षांत दोन बिघाडांमधलं सरासरी अंतर लाख मैलांच्या वर गेलं.

दरम्यान ‘डबा’ या शब्दाचा अर्थच बदलत होता. जुने डबे सुटे होते. एक बिघडला तर तो काढून दुसरा लावला की झालं. १९५९ च्या आर-२६ पासून जोड्या आल्या. एका डब्यात हवेचा कॉम्प्रेसर, दुसऱ्यात बॅटरी आणि मोटर-जनरेटर. एकाच्या दुखण्याने दुसराही यार्डात बसायचा. आता चार-पाच डब्यांचे संच असतात. सामग्री वाचते, पण एका डब्याच्या बिघाडाने अख्खा संच अडकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये धावू लागलेल्या आर-२११टी मध्ये तर डब्यांमधल्या भिंतीही गेल्या.

आणि वय? त्याचा आकड्याशी संबंध नाही. फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने बांधलेले आर-३२ हे स्टेनलेस स्टीलचे ६०० डबे १९६४ पासून आले. त्यांचा दिमाख मिरवण्यासाठी एक गाडी चक्क मुख्य रेल्वेच्या रुळांवरून ग्रँड सेंट्रल स्थानकात नेली होती. १९७१ नंतर आलेले, ७५ फुटी आर-४४ त्यांच्याहून तरुण. पण सांगाड्यातच दोष सापडल्याने सबवेवरचे आर-४४ २०१० मध्ये निघाले, आणि भंगारात जाऊ घातलेल्या आर-३२ पैकी काहींना त्यांच्या जागी राबावं लागलं. या मॉडेलची शेवटची फेरी झाली ९ जानेवारी २०२२ रोजी.

त्यांच्या काही भावंडांची वाट वेगळी होती. २००१ ते २०१० या काळात अडीच हजारांहून जास्त निवृत्त डबे चाकं, दारं, काचा काढून बार्जवरून अटलांटिकमध्ये सोडले गेले, माशांना आसरा म्हणून. आधी गेलेले लाल रंगाचे जुने डबे, म्हणजे ‘रेडबर्ड’, साध्या पोलादाचे होते, ते तळाशी चांगले टिकले. नंतर २००८ च्या सुमारास आर-३२ सारखे स्टेनलेसचे डबे गेले. ते काही महिन्यांतच कोसळू लागले आणि न्यू जर्सी राज्याने आपल्या किनाऱ्यासाठी पुढचे डबे घ्यायचं थांबवलं.