सुरू की चीड? बी पेरण्याआधी झाड ओळखा

दिवेआगर किंवा गुहागरहून परत आलं की मुलांच्या खिशातून बोराएवढी, खरबरीत, तपकिरी फळं निघतात. ‘पाइन कोन’ म्हणून ती कौतुकाने कुंडीत पुरली जातात आणि काहीच उगवत नाही. शिमला किंवा कौसानीहून आणलेला मोठा, उमललेला शंकू दिवाणखान्यात शोभेला असतो. कधीतरी तोही मातीत जातो, त्यातूनही काही येत नाही. खरं तर ही दोन्ही झाडं बियांपासून घरी करता येतात. पण ती एकमेकांची नातेवाईक नाहीत आणि त्यांच्या बियांच्या गरजाही वेगळ्या आहेत.

किनाऱ्यावरचं झाड म्हणजे सुरू. त्याला फुलं येतात, बी फळात तयार होतं, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ते आंब्या-फणसासारखंच आवृतबीजी. हिमालयातला पाइन म्हणजे चीड, संस्कृतातला सरल. तो अनावृतबीजी आहे, त्याचं बी शंकूच्या खवल्यावर उघडंच असतं. लांबून दोघांच्या ‘सुया’ सारख्या दिसतात, म्हणून एक सुई हातात घेऊन ओढून बघा. सुरूची सुई सांध्यावर पटकन तुटते, कारण ती सुई नसून बारीक हिरवी डहाळी असते. खरी पानं म्हणजे प्रत्येक सांध्याभोवतीचे सहा ते आठ इवलेसे दात. चिडाची सुई मात्र सलग असते, २० ते ३० सेंटिमीटर लांब, आणि तीन-तीन सुया बुडाशी एकत्र जोडलेल्या असतात. एवढी खूण पुरेशी आहे.

आता बी. चिडाचे शंकू पिकायला सुमारे दोन वर्षं लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात खवले उघडतात आणि पंख असलेलं बी वाऱ्यावर निघून जातं. जमिनीवर सापडणारा सुंदर उमललेला शंकू म्हणूनच बहुधा रिकामा असतो. बी हवं असेल तर तपकिरी झालेला पण मिटलेला शंकू शोधावा आणि घरी उन्हात ठेवावा. (अभयारण्यातून मात्र काही उचलू नये.) सुरूचं उलट आहे. हिरवट-तपकिरी फळं कागदावर पसरून ठेवली की काही दिवसांत त्यांची चोचीसारखी दारं उघडतात आणि टिकलीएवढं, पंख असलेलं बी कागदावर सांडतं. अख्खं फळ पुरण्यात अर्थ नाही. सुरूचं बी ताजंच पेरावं, साध्या हवेत ते काही महिन्यांतच दम सोडायला लागतं.

चिडाचं बी चांगलं मोठं असतं. ते दिवसभर पाण्यात भिजवा आणि साधारण एक सेंटिमीटर खोल पेरा. काही पाइनच्या बियांना आधी ओल्या थंडीत, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, चिडाला त्याची गरज नसते. पुण्या-नाशकात मी ते ऑक्टोबरनंतरच लावेन, कारण आषाढ-श्रावणात माती सुकतच नाही आणि कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. सुरूचं बी वाळूमिश्रित मातीवर भुरभुरवून वरून चिमूटभर बारीक वाळू पुरते, खोल गेलं की संपलं. मुंग्या हे बी अक्षरशः पळवून नेतात. म्हणून साखरेचा डबा ठेवतो तसा पेरणीचा ट्रे पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा. माघात पेरलं तर पावसाळ्याच्या तोंडावर रोप जमिनीत लावण्याजोगं होतं.

दोन-तीन आठवड्यांत कुंडीतला अंकुरच आपली ओळख सांगतो. सुरूला मिरचीच्या रोपासारखी दोनच बीजपत्रं असतात. चिडाला दहा-बाराचा झुबका असतो, आणि त्याच्या टोकावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. ती टोपी ओढून काढायचा मोह आवरा, नाहीतर शेंडाच तुटतो. त्यानंतर येणारी पानं एकेकटी, निळसर असतात. तीन-तीन सुया बऱ्याच उशिरा दिसतात, तेव्हा ‘बी चुकीचं निघालं’ म्हणून रोप फेकू नका.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मुळांची सोबत, आणि घरी लावणारे नेमकी तीच विसरतात. सुरूच्या मुळांवर गाठी असतात. त्यांत फ्रँकिया नावाचे जीवाणू राहून हवेतला नत्र झाडाला देतात, म्हणून सुरू कोरड्या रेतीतही तगतो. चिडाची सोबत बुरशीशी. ती मुळांभोवती जाळं विणते आणि पाणी, स्फुरद पुरवते. ही बुरशी नसेल तर रोप काही इंचांवर थांबतं, पिवळं पडतं आणि खत घालूनही फारसं हलत नाही. प्वेर्तो रिको बेटावर पाइन लावायचे प्रयत्न वारंवार फसले. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या पाइनखालची माती आणून मिसळली, तेव्हा कुठे रोपं वाढायला लागली. आपल्या कुंडीसाठीही हाच उपाय आहे: चिडाला जुन्या पाइनखालची मूठभर माती, सुरूला जुन्या सुरूखालची. अदलाबदल चालत नाही, कारण सोबती वेगळे आहेत.

कोकणात घर असेल तर माझं मत सुरूच्या बाजूने आहे, मात्र वेळाससारख्या किनाऱ्यावर, जिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तिथल्या वाळूत तो लावू नये. घाटावर हौस असेल तर चीडच निवडा. हिमालयातल्या पाइनांपैकी तो सर्वांत खाली, साधारण ५०० मीटरपासून वाढतो आणि ऊन सोसतो. त्याचं सोटमूळ मात्र पहिल्याच वर्षी खोल जातं, तेव्हा पसरट कुंडीऐवजी हातभर उंच पिशवी घ्या.