हिमस्खलनाचं मूळ जुन्या थरात

हिमवादळ आलं की डोंगरात फिरणाऱ्यांचं लक्ष वरून पडणाऱ्या बर्फाकडे असतं. हिमस्खलनाचे अभ्यासक मात्र आधी विचारतात: वादळापूर्वी हवा कशी होती? आकाश निरभ्र आणि थंडी कडाक्याची होती म्हटलं, की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात.

जमिनीलगतचा बर्फ साधारण 0 अंशाच्या आसपास असतो, पृष्ठभागाचं तापमान मात्र रात्री कितीतरी खाली उतरतं. थर पातळ असला तर हा सगळा फरक थोडक्या जाडीत मावतो. दर 10 सेंटीमीटरला 1 अंश सेल्सिअसहून जास्त फरक पडला, की खालचं बाष्प वर सरकतं आणि वाटेतल्या स्फटिकांवर पुन्हा गोठतं. एकमेकांना धरून बसलेले कण जाऊन कोनदार, सुटे दाणे तयार होतात. मूठभर घेऊन दाबले तरी त्यांचा गोळा वळत नाही. जाड्या साखरेसारखे ते बोटांतून निसटतात.

वादळाचा बर्फ या दाण्यांवर साचतो. 24 तासांत 30 सेंटीमीटर पडला तरी प्रकरण गंभीर होतं, पण खरा कारभार वाऱ्याचा. समोरच्या उतारावरचा बर्फ उचलून तो कड्यापलीकडच्या आडोशाला नेऊन टाकतो. तिथली भर नुसत्या बर्फवृष्टीच्या कित्येक पट वेगाने होऊ शकते. वाऱ्याने मोडलेले बारीक कण घट्ट बसतात आणि एकसंध फळी तयार होते. पायाखाली ती भक्कम वाटते. फसगत होते ती इथेच.

माणसाच्या वजनाने खालचे दाणे ढासळतात. कधी 'धप्प' असा दबका आवाज येतो. भेग फळीखालून पसरत जाते आणि उतार 30 ते 45 अंशांचा असेल तर अख्खी फळी सुटते. पायथ्याच्या सपाटीवर उभ्या माणसामुळे वरचा उतार कोसळल्याचीही उदाहरणं आहेत. (ओरडण्याने मात्र फळी सुटत नाही; ती सिनेमातली करामत.) जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे 90 टक्क्यांत हिमस्खलन सुरू होतं ते बळी पडलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच भाराने.

हिमस्खलनाच्या इशाऱ्यात धोक्याच्या पाच चढत्या पायऱ्या असतात; त्यांपैकी सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या पायरीवर होतात, हे मला सगळ्यात बोलकं वाटतं. चौथी-पाचवी जाहीर झाली की लोक घरी थांबतात. तिसरीला वादळ निवळलेलं असतं, ऊन पडलेलं असतं, ताजा बर्फ खुणावत असतो आणि खालचा थर मात्र अजून तसाच कच्चा असतो.

गाडल्या गेलेल्याच्या हाताशी वेळ फार थोडा. पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते. बाहेरचं पथक एवढ्यात पोचणं कठीण, त्यामुळे सारी भिस्त सोबत्यांवर. प्रत्येकाच्या अंगावरचा, 457 किलोहर्ट्झवर संदेश देणारा आणि पकडणारा ट्रान्सीव्हर जागा शोधतो, लांब सळई खोली सांगते. बराचसा वेळ खातं ते खणणं: घसरत आलेला बर्फ थांबताक्षणी आवळून इतका टणक होतो, की धातूच्या फावड्याशिवाय तो हलत नाही.